अनुभव नसताना परदेशात एलएल.एम.: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं परदेशातल्या एलएल.एम.बद्दल (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. भर इंग्लंड-अमेरिकेवर आहे, कारण विचारणा बहुतेक तिथलीच असते. विद्यापीठांच्या अटी आणि तारखा दरवर्षी थोड्याफार बदलतात. फॉर्म भरण्याआधी त्या त्या विद्यापीठाची माहिती स्वतः वाचा. सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्यावर जाऊ नका.

एक दिवसाचाही नोकरीचा अनुभव नाही. अर्ज करता येतो का?

येतो. इंग्लंडमधल्या बहुतेक एलएल.एम.ना अनुभवाची अटच नाही. ऑक्सफर्डचं बीसीएल आणि केंब्रिजचं एलएल.एम. यांत तर पदवीतली कामगिरी सगळ्यांत आधी पाहतात आणि कालपरवा पास झालेली मुलं वर्गात असतात. (बीसीएल नावाने ‘बॅचलर’ असलं तरी पदव्युत्तर आहे. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘परत बॅचलरच करायचं तर तिकडे कशाला?’ हे जेवताना ऐकावं लागेल.) लंडनमधलं एलएसई, यूसीएल, किंग्ज कॉलेज, सिंगापूरचं एनयूएस, नेदरलँड्समधलं लायडन, इथंही नव्या पदवीधराचं अडत नाही.

अमेरिकेत लॉ स्कूलगणिक फरक पडतो. हार्वर्ड, कोलंबिया, एनवाययू यांची तशी सक्ती नाही, पण बाकीचे उमेदवार दोन-चार वर्षं काम करून आलेले असतात. स्टॅनफर्डला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच; तिथं अर्जाची फी वाया घालवू नका. येलचं एलएल.एम. अगदी लहान आणि मुख्यतः पुढे कायदा शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तुमचा कल संशोधनाकडे असेल तर तिथं वय आड येत नाही, पण लेखनाचा पुरावा लागतो.

मग अनुभवी लोकांपुढे आपला अर्ज टिकतो का?

टिकतो, पण त्यांच्यासारखं दिसायचा प्रयत्न केला तर नाही. पाच वर्षं हायकोर्टात काम केलेल्या वकिलाला ‘मला अमुक विषय का शिकायचा आहे’ हे सांगायला खटले असतात. तुमच्याकडे ते नाहीत, हे समोरच्याला जन्मतारखेवरूनच कळतं. तुमच्याकडे असतो अभ्यास: एखादा निबंध, एखादं मूट (अभिरूप न्यायालयाची स्पर्धा), एखादा प्रश्न ज्याच्या मागे तुम्ही गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. नव्या पदवीधराचा अर्ज पडतो तो बहुतेक वेळा अनुभवाअभावी नाही, विषयाअभावी पडतो. ‘कॉर्पोरेट, आयपी, मानवाधिकार आणि आर्बिट्रेशन यांत मला रुची आहे’ असं लिहिणाऱ्याला यांतल्या कशातच रुची नाही, हे वाचणाऱ्याला दोन ओळींत समजतं.

इंटर्नशिप म्हणजे अनुभव धरतात का?

नोकरी म्हणून नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, म्हणजे ती सगळ्यांकडेच असते. सीव्हीमध्ये ‘इंटर्नशिप’ असंच लिहा. ‘असोसिएट’ वगैरे चढवू नका. आठ ठिकाणी प्रत्येकी तीन आठवडे चहा पीत बसण्यापेक्षा एका ठिकाणी दोनदा जाणं चांगलं. दुसऱ्यांदा गेल्यावर वकीलसाहेब फाईल हातात देतात, पहिल्यांदा फक्त झेरॉक्सला पाठवतात. कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकमधलं काम मुलं सीव्हीच्या तळाशी एका ओळीत ढकलतात. तिथं पक्षकाराशी तुम्ही स्वतः बोललेला असता. ते वर घ्या.

एसओपीत (अर्जासोबत ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारं निवेदन) लिहायचं तरी काय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत वाईट हाताळला जाणारा प्रश्न. आधी काय नको ते सांगतो. ‘लहानपणापासून मला अन्यायाची चीड होती.’ ‘आमच्या घरात वकिलीची परंपरा.’ ‘आपले विद्यापीठ जगातील अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक आहे.’ शेवटचं वाक्य तर त्यांना ठाऊक असतंच.

आता समजा, एका मुलीने तिसऱ्या वर्षी जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दाव्यांची कामं करणाऱ्या वकिलाकडे चार आठवडे काढले. तिच्या पहिल्या मसुद्यात असतं: ‘या इंटर्नशिपमुळे मला न्यायालयीन कामकाजाचा मोलाचा अनुभव मिळाला आणि संवादकौशल्य वाढले.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही लॉ कॉलेजच्या कुठल्याही विद्यार्थ्याला चालेल, म्हणून ते टाकाऊ.

तिला विचारायचं, त्या चार आठवड्यांत काय खटकलं? तेव्हा ती सांगते की एका दाव्यात गृहिणीचा मृत्यू झाला होता आणि तिचं ‘उत्पन्न’ किती धरायचं यावर अर्धा दिवस गेला. विमा कंपनीचा वकील म्हणाला, कमवत नव्हती. मग काल्पनिक उत्पन्न धरलं गेलं, पण ते अमुकच का याचं कारण कुणी सांगितलं नाही. तिने घरी जाऊन लता वधवा खटल्याचा २००१ चा निकाल वाचला, मग कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स हा जानेवारी २०२१ चा. गृहिणीच्या श्रमाचं मोल करताना न्यायालयं कधी तीच कामं दुसऱ्याकडून करून घ्यायचा खर्च पाहतात, कधी नवऱ्याच्या पगाराचा हिस्सा पाहतात, आणि दोन्हींत आकडे वेगळे येतात, हे तिच्या लक्षात आलं. यावर कॉलेजच्या जर्नलसाठी तिने टिपण लिहिलं.

एवढं आलं की एसओपी उभा राहतो. नुकसानभरपाईचा कायदा दुसऱ्या कॉमन लॉ (इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर चालणाऱ्या) देशांत हा प्रश्न कसा सोडवतो, ते तिला शिकायचंय. त्या विद्यापीठातला कुठला पेपर त्याला भिडतो, कोण शिकवतं, तिने त्यांचं काय वाचलं, हे दुसऱ्या परिच्छेदात. परत येऊन काय करायचं, ते तिसऱ्यात. यात तिची वयाची तेवीस वर्षं कुठंही आडवी येत नाहीत.

अजून दोन सूचना. हार्वर्डचा अर्ज दोन भागांत लिहायला लावतो: एकात कायद्याचा एखादा प्रश्न मांडून त्याचं विश्लेषण, दुसऱ्यात एलएल.एम. कशासाठी. पहिल्या भागात नवा पदवीधर अनुभवी उमेदवाराच्या बरोबरीने उभा राहू शकतो, म्हणून जोर तिथं लावा. आणि एकच एसओपी सात ठिकाणी पाठवताना आधीच्या विद्यापीठाचं नाव आत राहून जातं. पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

शिफारसपत्रासाठी सर म्हणतात, ‘तू लिहून आण, मी सही करतो.’ काय करू?

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत हे चालतं, आणि वाचणाऱ्याला ते ओळखूही येतं: तीन पत्रं, तिन्हींत तीच विशेषणं, तीच वाक्यरचना. पत्र स्वतः लिहू नका. सरांना एका पानावर मुद्दे द्या: तुमच्या कोणत्या वर्षी त्यांनी कोणता विषय शिकवला, त्या विषयात वर्गात तुमचा कितवा नंबर आला, कोणता प्रोजेक्ट केला, त्यांनी त्यावर काय म्हटलं होतं. सोबत तो प्रोजेक्टही द्या. सरांना दोनशे मुलं शिकवायची असतात. आठवण करून देण्यात काही गैर नाही.

नव्या पदवीधराची पत्रं शिकवणाऱ्यांचीच हवीत. ऑक्सफर्ड तीन मागतं. ओळखीच्या निवृत्त न्यायमूर्तींचं पत्र घ्यायचा मोह होतो. ‘मी यांच्या वडिलांना अनेक वर्षे ओळखतो’ या धर्तीचं ते पत्र असेल तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. विद्यापीठाची लिंक सरांच्या संस्थेच्या ईमेलवर जाते. कॉलेजचा ईमेल नसेल तर सहा आठवडे आधी तो काढून घ्या, डिसेंबरमध्ये धावपळ नको.

मार्क ६० च्या आसपास आहेत, एक एटीकेटीही आहे. आशा आहे का?

ऑक्सफर्ड-केंब्रिजला पहिला वर्ग, तोही चांगल्यापैकी, लागतो, तिथं अवघड. बाकी ठिकाणी मार्कांचा संदर्भ द्यायला शिका. आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांत लॉला ६५ टक्के म्हणजे वर्गात वरचा नंबर असू शकतो, आणि लंडनमध्ये बसलेल्या माणसाला तो आकडा तेवढा मोठा वाटेलच असं नाही. कॉलेजकडून रँकचं प्रमाणपत्र घ्या. ते देत नसतील तर शिफारसपत्रात सरांना लिहू द्या की १२० मुलांत ही चौथी होती. एटीकेटी लपवू नका, ती ट्रान्सक्रिप्टवर (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा विद्यापीठाचा अधिकृत दाखला) दिसतेच. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर दोन ओळींत सांगा, पानभर नको. पहिल्या वर्षी घसरून शेवटच्या दोन वर्षांत वर चढलेली मार्कलिस्ट वाईट दिसत नाही.

शेवटचं वर्ष चालू आहे, निकाल लागलेला नाही. तरी अर्ज करू?

करा. आतापर्यंतच्या सेमिस्टरच्या मार्कांवर अर्ज जातो, प्रवेश सशर्त मिळतो, आणि अंतिम निकाल साधारण ऑगस्टपर्यंत द्यावा लागतो. आपली गाडी अडते ती इथंच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं आणि निकाल महिनोन्महिने रखडले. विधीचेही त्यात होते. तेवढा गोंधळ रोज होत नाही, पण निकाल उशिरा लागणं काही नवं नाही. तेव्हा मेपासूनच तिकडच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा की प्राचार्यांचं पत्र किंवा ऑनलाइन निकालाची प्रत तात्पुरती चालेल का. आधी विचारणाऱ्याला ते सहसा मुदत देतात, शेवटच्या दिवशी रडणाऱ्याला देत नाहीत.

ट्रान्सक्रिप्ट वेगळी काढावी लागते, मार्कलिस्टची झेरॉक्स चालत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांना ती एलएसएसी या संस्थेमार्फत लागते आणि विद्यापीठाने सीलबंद किंवा थेट पाठवलेली हवी असते. यात किती आठवडे जातील ते विद्यापीठाच्या खिडकीवर कोण बसलंय त्यावर आहे; सप्टेंबरमध्येच अर्ज टाका.

एलएसएटी, जीआरई द्यावी लागते का?

एलएल.एम.ला नाही. एलएसएटी अमेरिकेतल्या जेडीसाठी, म्हणजे तिथल्या वकिलीच्या मूळ पदवीसाठी, असते. इंग्रजीची परीक्षा काही ठिकाणी माफ होते, काही ठिकाणी होत नाही. केंब्रिज-ऑक्सफर्डला आयईएलटीएस ७.५ लागतं.

खर्चाचं काय? नव्या पदवीधराला शिष्यवृत्ती मिळते का?

अमेरिकेतल्या नामांकित शाळांत नुसती फी ७५ हजार डॉलरच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. लंडन त्यापेक्षा स्वस्त, पण स्वस्त नाही.

ब्रिटिश सरकारच्या शेवनिंग शिष्यवृत्तीचा विचार आत्ता सोडा; तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो. उलट ऑक्सफर्डला शिकण्यासाठीची ऱ्होड्स ही तरुण उमेदवारांसाठीच आहे. तिचा अर्ज पावसाळ्यात भरायचा असतो, ऑक्सफर्डचा फॉर्म उघडण्याच्याही आधी, आणि म्हणूनच चांगली मुलं ती हुकवतात. ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांसाठी फेलिक्स आहे. इनलॅक्स पाहा. मुंबईची जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रा ट्रस्टही बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. दोन्हींच्या मुलाखतींत ‘लगेच का, दोन वर्षांनी का नाही?’ याचं उत्तर तयार ठेवा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं असं सगळं धरते. नावही साजेसं आहे: बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली होती. उत्पन्नाच्या आणि जागतिक क्रमवारीच्या अटी बदलत आल्या आहेत, म्हणून त्या वर्षीचा जीआर आणि जाहिरात वाचा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. इतर मागास, भटके-विमुक्त आणि इतर प्रवर्गांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत.

कर्ज काढणार असाल तर एक गोष्ट गावाकडच्या पालकांना आधी सांगा: शेतजमिनीचा सातबारा बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण कर्जवसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. घर, एनए प्लॉट किंवा एफडी लागते. दहा एकर बागायत असलेल्या माणसाला बँकेत ‘तारण नाही’ असं ऐकावं लागतं आणि महिना भांडणात जातो.

इंग्लंडच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. सत्ताविसाव्या दिवशी काकांच्या मुलीच्या लग्नासाठी पन्नास हजार काढले आणि शिल्लक खाली गेली, तर मोजणी पहिल्यापासून.

खरं सांगा, थेट जावं की दोन वर्षं काम करून?

तीन परिस्थितींत थेट जा. शिकवायचं किंवा पीएच.डी. करायची ठरलं असेल तर. ऱ्होड्ससारखी पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल तर. किंवा विषय इतका पक्का असेल की वरच्या उदाहरणातल्या मुलीसारखं त्यावर अर्धा तास बोलता येईल. ‘प्लेसमेंट झाली नाही म्हणून’ हे चौथं कारण सर्रास दिसतं, आणि त्यावर पन्नास-साठ लाखांचं कर्ज काढणं मला पटत नाही. परत आल्यावर तीच फर्म तोच प्रश्न विचारते: काम काय केलंय? दोन वर्षं एखाद्या चांगल्या सीनियरकडे काढलीत, तर शेवनिंगही खुली होते, स्टॅनफर्डही, आणि वर्गात कंपनी कायद्याच्या चर्चेत तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं. मधला मार्ग म्हणजे हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात न्यायमूर्तींकडे वर्षभर लॉ क्लार्कची जागा मिळवणं. वर्षभर फक्त वाचन, टिपणं आणि मसुदे, एलएल.एम.ची त्याहून चांगली तयारी नाही.

एलएल.एम. केलं की तिकडे वकिली करता येते का?

आपोआप नाही. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेसाठी तुमची भारतीय पदवी कालावधीने आणि अभ्यासाने पुरेशी आहे का ते तिथलं बोर्ड ठरवतं. उणीव असेल तर किमान २४ क्रेडिटचं, ठरावीक विषय घेतलेलं एलएल.एम. लागतं. तेव्हा विषय निवडण्याआधी नियम वाचा. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नंतर १२ महिने काम करता येतं, पण मोठ्या फर्म एलएल.एम.वाल्यांना मोजक्याच जागा देतात, आणि त्यातही अनुभवी माणूस आधी.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आणि दोन वर्षांचं पात्र काम लागतं. एलएल.एम.ची त्यासाठी गरजच नाही. शिक्षणानंतर राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत.

जाण्याआधी सनद घ्यावी का? आणि परत आल्यावर न्यायाधीश परीक्षा?

सनद घेऊन जा. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची नोंदणी आता महाग राहिलेली नाही: जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला कायद्यातली ७५० रुपयांचीच फी, वर मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते. एआयबीईचं (बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा) वेळापत्रक मात्र जुळवा, नाहीतर परीक्षा ज्या रविवारी, त्या रविवारी तुम्ही लंडनमध्ये असाल.

न्यायाधीश व्हायचं असेल तर हिशेब वेगळा आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. परदेशातलं वर्ष वकिलीत मोजलं जाणार नाही. लॉ क्लार्कचं काम मात्र त्या निकालानुसार धरता येतं.

शिकवायचं असेल तर आणखी एक गुंता. बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी एक वर्षाच्या परदेशी एलएल.एम.ला भारतीय एलएल.एम.च्या बरोबरीचं मानायला वर्षभराच्या अध्यापनाची अट घातली, आणि त्या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. अर्ज करताना ज्या विद्यापीठात शिकवायचंय तिथं लेखी विचारा. नेट किंवा सेट द्यावी लागेल ती लागेलच.

नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज चालतो का?

चालतो, नोंद कुणी वाईट धरत नाही. पण मधल्या वर्षात काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे: एक छापून आलेला लेख, काही महिन्यांचं काम, नवं शिफारसपत्र. तोच एसओपी वरची तारीख बदलून पाठवला तर उत्तरही तेच येतं. आणि कन्सल्टंटला लाखभर रुपये देण्याआधी त्याच पैशात आयईएलटीएस, ट्रान्सक्रिप्ट आणि पाच-सहा अर्जांच्या फिया भरून होतात का, ते कागदावर मांडून पाहा.